सुमनताईची लेण्यांपर्यंतची धाव

मावळातल्या त्या खोऱ्यात सकाळी धुकं वर सरकलं, की आधी देवळाचा कळस दिसतो आणि मग हळूहळू बाकीचं गाव. त्या सकाळी मी माझ्या मामेबहिणीबरोबर, सुमनताईबरोबर पळत होते. वर्षापूर्वी तिच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालता चालता ही बाई पळायलाच लागली. लेण्यांचा चढ मात्र न थांबता तिला अजून जमला नव्हता.

देवळामागच्या वीरगळांवर कुणीतरी ताजी फुलं वाहिली होती. लढताना पडलेल्यांचे ते दगड. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, तरी फुलं चुकत नाहीत. पुढं बारवेपाशी बसलेल्या म्हाताऱ्या तात्यांनी हाक मारली, "सुमन, दम खा की जरा!"

"येताना खाते, तात्या!"

चढावर तिचा श्वास मला ऐकू येऊ लागला. "थांबूया का?" मी विचारलं. तिनं नुसतीच नकारार्थी मान हलवली. पावलं लहान झाली, पण थांबली नाहीत. हा डोंगर कोरणाऱ्यांनीही रोज असं थोडं थोडंच कोरलं असेल, असं तिच्याकडे बघताना वाटून गेलं.

लेण्याच्या दारात पोहोचल्यावर तिनं दोन्ही तळवे थंडगार खांबावर टेकले. डोळे भरले होते आणि ती हसत होती. मग ओढणीनं घाम पुसत तिनं समोरच्या गडाकडे पाहिलं.

"तिकडं वाट कुठनं जाते गं?"

मी सांगेपर्यंत ती उतरणीला लागलीसुद्धा होती.