मेपलची कपाटं आणि बायकोची उंची

बायकोचा उजवा खांदा धरला होता. हात छातीपर्यंत जायचा, वर नाही. डाव्या मनगटात पहिल्यापासून जोर कमी, त्या हातानं डबा पेलत नसे. जुन्या फळीवरचा मिठाचा डबा काढतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून उंद्रीच्या आमच्या घरात नवं स्वयंपाकघर करायचं ठरलं. तिची मागणी एकच होती. "कपाट कोणतंबी आणा. मले हात वर करा लागू नये, एवढं पाहा."

एवढं पाहायला आम्ही बाप्ये खामगावला गेलो : मोठे दादा, साडू, शेजारचे रिटायर्ड गुरुजी आणि मी. आमच्याकडे बैल, सोयरीक आणि लाकूड एकट्यानं पाहत नाहीत. आमच्यातल्या एकानंही जन्मात स्वतःच्या हातानं साखरेचा डबा काढलेला नव्हता. "मी येऊ का?" असं बायकोनं विचारलं होतं. दादा म्हणाले, "लाकडातलं बायायले काय समजते?" मी गाडीची काच पुसत राहिलो.

दुकानदारानं कपाटाचा मेपल लाकडाचा दरवाजा पुढ्यात उभा केला आणि आम्ही पोरगी पाहायला आल्यासारखे सरसावून बसलो. आमचं आयुष्य सागवानात गेलेलं, इतकं उजळ लाकूड कोणी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी टिचकी मारली. साडूनं वास घेतला.

"रंग गोरा हाये," दादा म्हणाले, "पण हळदीचा हात लागल्यावर टिकन का?"

घराणं विचारावं तसं मी विचारलं, "मूळचं कुठलं हो हे?"

"कॅनडाचं."

"थंड मुलखातलं? मंग आपल्या उन्हाळ्यात कसं निभन बिचाऱ्याचं?" साडू कळवळला.

मेपल पसंत पडलं. मग दुकानदारानं टेप काढला. "वरची कपाटं किती उंचीवर घेऊ? वहिनींची उंची किती?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खांद्याचं सांगायची हीच वेळ होती. पण चारचौघांत बायकोचं दुखणं कुठं काढायचं? आणि ती जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत येते, हे तरी कसं सांगायचं? बायको बुटकी, असं कोणी स्वतःच्या तोंडानं म्हणतं का? मी उभा राहिलो आणि हात कानाशी नेला. "इतकी."

"त्याहून उंच हाये बे," दादा म्हणाले. त्यांच्यासमोर ती कायम डोक्यावर पदर घेऊन, लांबून वावरलेली. त्यांनी बहुधा पदरासकट मोजली. माझा हात धरून त्यांनी चार बोटं वर सरकवला. थोरल्यानं वर नेलेला हात खाली कोण आणणार? दुकानदारानं तिथंच टेप लावला.

कपाटं बसली. लोण्यासारखी दिसत होती. बायको पुढे झाली, हात उचलला. बोटं हँडलच्या खूप खाली थांबली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

कपाटं बसवणाऱ्याला मी विचारलं, "थोडी खाली घेता येतील का?"

"आता टाइल्स फुटतीन, भाऊ."

"स्टूल आणू का?" मी तिला विचारलं.

"चढताना धरू कशानं, अन् डबा काढू कशानं?"

खालचे कप्पे गव्हाच्या कोठीनं आणि मोठ्या भांड्यांनी भरलेले. ओट्यावर डबे मांडले, तर पोळी लाटायला जागा नाही. म्हणून रोजचं सामान वर ठेवलं आणि ते काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. "अहो, जिरं!" अशी हाक आली की मी धावतो. सगळे दरवाजे सारखेच गोरे. जिरं सापडेपर्यंत फोडणी जळते. दादा अधूनमधून पाहुण्यांना घेऊन येतात, लाकडावर टिचकी मारून दाखवतात. ती पदर सावरून बाजूला उभी राहते.

परवा बराच वेळ हाक आली नाही. डोकावून पाहिलं. तिनं डाव्या हातानं उजवं कोपर धरलं होतं आणि ओठ आवळून तो हात इंचाइंचानं वर ढकलत होती.

"मले काऊन नाही बोलावलं?"

"भाजी करपते तुमची वाट पाहून."

मी घाईनं दरवाजा उघडला, डबा काढून तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं. आत ओवा होता. तिला हळद पाहिजे होती.