चक्रवाक आणि खिशातले खडे

पक्षी मोजायला डोकं शांत लागतं म्हणतात. माझं ते कधीच नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात मी रोज श्रीरामपूरहून पहाटेच्या एसटीने तलावावर येतो, निरीक्षण मनोऱ्यावर चढतो आणि उत्तरेकडून आलेले चक्रवाक मोजतो. गेली दोन वर्षं आकडा घसरतच होता. दोष मासेमारीच्या जाळ्यांचा, दुसरं काय! जाळी बंद करा, असा अर्ज लिहून मी पिशवीत ठेवला होता. त्या दिवशी दुपारी तो घ्यायला वनखात्याचे साहेब यायचे होते.

आणि माझ्या डोक्याला ताप म्हणजे मनोऱ्याचा राखणदार. पूर्वी मेंढरं वळायचा. कळप मोजायची त्याची रीत तीच: वीस झाले की एक खडा खिशात. मी मनोऱ्यावरची दुर्बीण लावून दहा-दहाचे गट पाडतोय आणि हा शेजारी खडे वाजवतोय!

"नऊ ईस झाले, गुरुजी."

"साठ आहेत, साठ! एकशे ऐंशी कुठून आणलेस?"

"हायेत की वो."

त्याचा मेहुणा याच तलावात जाळं टाकतो. माझा संयम सुटला. "मेहुण्यासाठी पक्षी वाढवतोस होय रे?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "पल्याडच्या काठाची रांग धरली का तुमी?"

"कसली रांग? नुसतं ऊन चमकतंय पाण्यावर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग दोन बोटं तोंडात घालून त्याने मेंढरांना घालतात तशी शीळ घातली.

"अरे, उडवतोस काय मूर्खा!" मी ओरडलो. मोजणीच्या वेळी पक्षी उडवणं म्हणजे पापच.

पलीकडून पक्ष्यांचा ओरडा उठला आणि जवळ येत गेला. डोक्यावर आले तेव्हा कुठे मला त्यांचा भगवा रंग दिसला. संपत नव्हते, लेकाचे.

"लांबचं तुमाला दिसत न्हाई, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "आधी वाटलं, दुर्बिणीची काच खराब हाय. म्हनून रोज पुसून ठेवायचो."

अर्ज मी तिथंच फाडला. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याचाच राग आला.

"दोन वर्षं बोलला का नाहीस मग?"

"बोललो की," तो म्हणाला. "रोज आकडा सांगतच हुतो."