लुगड्याची फडकी

वडील गेल्याला आज पंचवीस दिवस झाले. तेरावं आटोपलं, पाहुणे परतले, मीही शाळेत जाऊ लागलो. मुलांना पाढे म्हणायला सांगतो आणि मधेच माझं लक्ष खिडकीतून शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसतं. माणूस गेल्यावर त्याचा आवाज आठवतो, असं मी वाचलं होतं. मला फडकी आठवतात. विटून पांढरी पडलेली, हातात घेतली तर घेतल्यासारखी न वाटणारी, इतकी मऊ.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत वडील शेतातून येताना धुऱ्यावर, बांधावरच, पडले. गाडीत घालून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलं होतं. जीभ जड झाली होती, पण बोलणं शाबूत होतं आणि बोलण्यातला तिखटपणाही. खामगावहून डॉक्टर आणला. त्यानं मला ओट्यावर नेऊन सांगितलं, "औषधाचं फार मनावर घेऊ नका. अंग कोरडं ठेवा. पडून पडून पाठ फुटली, जखमा झाल्या, की असा माणूस राहत नाही."

वडिलांखेरीज घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको आणि चार वर्षांची मुलगी. आई मुलीच्या जन्माच्या वर्षीच गेली होती. सून सासऱ्यासमोर यायची ती कपाळाच्या खाली पदर ओढून, आणि लग्नाला आठ वर्षं झाली तरी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. आमच्याकडे तशीच रीत. काही विचारायचं तर मुलीला मधे घालायचं, "आजाले विचार, दूध घेता का?" आणि आजा शेजारीच असला तरी मुलगी ओरडून विचारायची.

तेव्हा वडिलांचं सगळं मीच करायचं हे न बोलता ठरलं. सकाळी शाळेच्या आधी, दुपारच्या सुटीत आणि संध्याकाळी. जो माणूस उभ्या आयुष्यात तांब्या घेऊन पहाटे अंधारात नदीकडे गेला, त्याला खाटेवर पडल्या पडल्या पोटच्या मुलाकडून स्वच्छ करून घ्यावं लागत होतं. ते भिंतीकडे तोंड करायचे. मीही दुसरीकडे पाहायचो.

पहिल्याच आठवड्यात मी एक चूक केली. खामगावच्या बाजारातून मांजरपाट आणला, चांगला जाड, कोरा. वडिलांसाठी जुनं-फाटकं काय वापरायचं, असं माझ्या शिकलेल्या मनाला वाटलं. त्यांच्या खाटेशेजारी बसून मी ते कापड फाडायला लागलो. फर्र करून पहिली पट्टी निघाली, तशी वडिलांनी मान वळवली. पांढरं कोरं कापड, माझ्या हातात, आणि फाडण्याचा तो आवाज. आमच्याकडे कोरं पांढरं कापड घरात कशासाठी फाडतात हे लहान पोरालाही माहीत असतं.

"काऊन बे," वडील म्हणाले, "इतकी काय घाई हाये? अजून डोये तं मिटू दे माह्ये."

ते हसले, अर्ध्या तोंडानं. "आनलंच हाये तं ठेवून दे. वाया नाई जात थे."

तरी मी ते वापरलं. त्यात खळ होती, दोनदा धुऊनही गेली नाही. चौथ्या दिवशी कमरेखाली कातडी लाल झाली. पाचव्या दिवशी फडकं लावलं तर त्यांनी दात आवळले. त्या संध्याकाळी बायकोनं दाराआडून मला खूण केली. आत गेलो तर तिनं माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि आपल्या गालावर घासून पाहिलं.

"हे तुमी मानसाच्या अंगाले लावता?"

"नवीन आहे."

"नवीन हाये म्हनूनच तं." ती पेटीशी गेली आणि एक गाठोडं काढून आणलं. मुलीची बाळोती होती ती. मुलगी होण्याच्या आधी माझ्या आईनं स्वतःची दोन जुनी लुगडी फाडून केलेली. दहा-बारा वर्षं अंगावर वागवलेलं लुगडं, मग तान्ह्या लेकराचं वर्षभर, मग पेटीत. मी एक हातात घेतलं. एका कडेला विटलेल्या हिरव्या काठाचा बोटभर तुकडा होता.

"ही वापरा. बाकी माह्याकडं सोडा."

ते 'बाकी' काय होतं हे मला कळायला वेळ लागला. मी वापरलेलं फडकं झाकणाच्या मडक्यात टाकायचो आणि शाळेत जायचो. परत यायचो तेव्हा आत पेटीवर स्वच्छ घडी तयार असायची. मधे काय घडतं ते एका सुटीच्या दिवशी पाहिलं. परसात, विहिरीपासून लांब, तिनं एक खड्डा केला होता. आधी थंड पाणी, मग राखेचं निवळलेलं पाणी, मग घासलेटच्या रिकाम्या डब्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर उकळी. मदत करावी म्हणून मी सुरुवातीलाच कढत पाणी ओतलं, तर ती ओरडली, "मायबाई! डाग शिजवता काय?" कढत पाण्यानं डाग धाग्यात बसतो, कायमचा. मी रसायनशास्त्राचं एक पुस्तक वाचलेलं होतं, त्यात हे नव्हतं. उकळून झाल्यावर विहिरीचं पाणी दोनदा, आणि मग ऊन. दोरीवर एक बाजू वाळली की ती येऊन दुसरी बाजू उन्हाला करायची. फडकं वाळलं की नाकाशी नेऊन हुंगायची. जराही शंका आली तर पुन्हा डब्यात.

मी तिला एकदा गंमत म्हणून सांगितलं, की थंड मुलखात लोक या कामाला कागद वापरतात आणि फेकून देतात. मासिकात वाचलं होतं. ती हातातलं पिळायची थांबली.

"कागदानं? अन् सरस्वतीले काय सांगतात मंग?"

"कोरा असतो. लिहिलेला नसतो."

"कोरा कागद!" तिनं मान हलवली. "तुमच्या शाळेतल्या पोराईले लिहाले नाई भेटत, अन् तिकडं..." पुढचं तिनं फडक्याबरोबर पिळून टाकलं.

पंधरा दिवसांत कमरेखालची लाली गेली. मला वाटलं, जिंकलो.

वडिलांना मी सांगितलं होतं की फडकी फेकून देतो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "फेकतं ना बे तू हे?" आणि मी हो म्हणालो होतो. पण अर्धं अंग गेलं तरी त्यांची नजर गेली नव्हती. एका सकाळी मी फडकं उलगडलं आणि त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. फडक्याच्या कडेला तो हिरवा काठ होता.

"हे तुह्या मायच्या लुगड्याचं हाये."

"हो."

"परवा बी हेच होतं. त्याच्या आंधी बी."

त्यांनी हिशेब जुळवला. स्वतःची बायको वारलेली, मुलगा दिवसभर शाळेत, घरात मोलकरीण नाही. मनगट सोडून ते भिंतीकडे वळले. "म्हंजे तिच्या हातून," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी खाणं सोडलं. दुधात कुस्करलेली भाकर जवळ नेली की ओठ मिटून घ्यायचे. मी रागावलो, विनवलं. "खाल्लं नाई तं निंगन बी नाई," ते म्हणाले, "तिच्या हातचे कष्ट वाचतीन." हे म्हणतानाही तोंडाचा अर्धा कोपरा हसत होता, आणि ते हसू पाहून मला भीती वाटली. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. घोटभर पाण्यावर होते. गाल बसले. मला कळून चुकलं की पाठ फुटण्याची वाटच ते पाहणार नाहीत. ज्या सुनेनं आठ वर्षांत त्यांच्यासमोर डोकं उघडं केलं नाही, तिनं त्यांची घाण धुवावी, यापेक्षा त्यांना जाणं सोपं वाटत होतं.

चौथ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या पायांशी बसलो होतो. त्यांच्या खाटेमागची खिडकी परसात उघडते. बाहेर बायको दोरीवर फडकी घालत होती, मुलगी तिच्या पायात घुटमळत होती. तेवढ्यात शेजारच्या मावशींचा आवाज आला. काट्यांच्या कुपाटीपलीकडून बोलणं ही त्यांची रोजची करमणूक.

"काऊन वं, रोज बाळोती दिसतात तुह्या दोरीवर. पोट दिसत नाई अन् बाळोती कोनाची?"

वडिलांचे डोळे उघडे होते.

"आमच्या पोरीची, मावशी," बायको सहज म्हणाली.

"ह्या घोडीची? चार वर्साची झाली न् थे!"

"काय सांगू. लय वंगाळ सवय लागली तिले. झोपीत होते."

"म्या नाई करत!" मुलगी किंचाळली. "माय, म्या नाई करत!"

"चूप वं. पाहा, लाजते बी." पाठीत एक हलकी चापट बसल्याचा आवाज आला. मुलीनं भोकाड पसरलं.

"तिले ओव्याची पूड दे गुळात," मावशी म्हणाल्या. "अन् सासऱ्याचं कसं हाये?"

"बरे हायेत. त्याईचं सारं पोरगाच पाहते. मले तं खोलीत बी जाऊ देत नाई."

मावशी निघून गेल्या. मुलीचं रडणं बराच वेळ चाललं, मग आईनं काहीतरी कानात सांगितलं असावं, ते थांबलं. मी वडिलांकडे पाहायचं धाडस केलं नाही. दोरीवरच्या फडक्यांची सावली खिडकीतून त्यांच्या पांघरुणावर हलत होती. मी त्या बाईशी आठ वर्षं संसार केला होता, आणि आपण कोणाबरोबर राहतो हे आपल्याला माहीत नव्हतं, असं काहीसं मला वाटत होतं. देवळात कधी वाटलं नाही ते वाटत होतं. तिनं कोणाला काही पटवलं नव्हतं, उपदेश केला नव्हता. चिमटा तोंडात धरावा तशी ती गोष्ट तोंडात धरून कपडे वाळत घालत होती.

"पोरीच्या नावावर ढकललं तिनं," वडील म्हणाले. आवाज घोगरा होता.

"हो."

"रोजच असं सांगत असन?"

"मला माहीत नाही."

मग त्यांनी डावा हात हलवला. "आन थे दूध. अन् तिले सांग, गावात कोनाले मालूम नाई झालं पाह्यजे. जलमभर नाई."

मी आत जाऊन सांगितलं. तिनं मान हलवली आणि भाकर कुस्करायला घेतली. मी दुधासाठी वाटी पुढे धरली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी वाळलेली फडकी मागितली. मी ती त्यांच्या छातीवर ठेवली. एका हातानं, हनुवटीनं एक टोक दाबून, ते घड्या करू लागले. घड्या वाकड्या यायच्या. बायको सगळ्या कामात काटेकोर. तिच्या डब्यांची झाकणंसुद्धा एका रेषेत. पण त्या घड्या तिनं कधी सरळ केल्या नाहीत. वाकडा ढीग तसाच उशाशी ठेवायची. पुढे वर्षभर हे रोज चाललं. घड्या झाल्या की वडील मुलीला हाक मारून सांगायचे, "मायले सांग, झालं," आणि मुलगी ओरडून सांगायची. सासऱ्या-सुनेत याहून जास्त बोलणं कधीच झालं नाही.

शेवटी ते झोपेत गेले, तापानं, दोन दिवसांत. अंगणात त्यांना आंघोळ घालताना गावातले चार जाणते पुरुष होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं उभ्या हयातीत किती मयतांना आंघोळ घातली असेल कोण जाणे. त्यानं वडिलांना कुशीवर केलं आणि पाणी ओतता ओतता थांबला. पाठीवरून सावकाश हात फिरवला, मग कमरेवरून. मग बाकीच्यांना जवळ बोलावलं.

"पाहा न् बाप्पा," तो म्हणाला, "वर्साच्या वर खाटेवर होता हा. एक फोड नाई. लेकराची पाठ हाये हे."

सगळे त्या पाठीकडे पाहत उभे राहिले, आणि मीही, जणू पहिल्यांदा पाहत होतो. मग म्हातारा माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पोरगा असावा तं असा," तो म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दाराशी बायकांच्या घोळक्यात ती उभी होती. पदर खाली ओढलेला, चेहरा दिसत नव्हता. माझ्या जिभेवर शब्द आला होता. मी तो गिळला आणि मान खाली घालून, जे माझं नव्हतं ते घेतलं.

तेरावं झाल्यावर मी तिला विचारलं, "आता तर ते गेले. सांगू का लोकांना?"

ती धान्य पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "सांगान तं माह्यं नाव होईन. त्याईचं जाईन."

थोड्या वेळानं सूप थांबलं. "पोरीले मात्र सांगा लागन कवातरी. तिच्यावर आळ घेतला म्या. मावशी अजून हासते तिले. मोठी झाली की तुमीच सांगजा, मले नाई जमनार."

मलाही तोंडानं जमणार नाही. म्हणून हे लिहून ठेवलं, कोणाचंही नाव न घालता. मुलगी आता माझ्याबरोबर शाळेत येते. ती अजून जोडाक्षरांपर्यंत पोचलेली नाही.