दादाला घेऊन दुबईच्या कंट्री रॉक कॉन्सर्टला

तिकिटं काढण्याआधी मी दादाला फोन नाही केला, मेसेज केला. फोनवर बोलणं हल्ली त्याला जमत नाही. "दुबईत अमेरिकन कंट्री आणि सदर्न रॉक. लाइव्ह. जायचं?" लगेच उत्तर आलं, "यल्ला," म्हणजे इथल्या अरबीत चला. त्याच्या पाठोपाठ दुसरं, "आत्ताच काढ. उद्यावर टाकू नको."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये त्याची उभी हयात गेली. दिवसभर ग्राइंडर आणि हातोडे. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले की क्रेनवाल्याची हाक कळत नाही म्हणून हा ते खिशात ठेवायचा. आता कान जवळजवळ गेलेत. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज अजून थोडे पोचतील, बारीक मात्र गेल्यात जमा. महिनाअखेर दादा इस्लामपूरला कायमचा परत जाणार होता. कानाचं मशीन तिकडे गेल्यावरच लावायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

लोखंड कापणाऱ्या सांगलीकडच्या माणसाला हे संगीत कुठे भेटलं, असं तुम्ही विचारणारच. त्याचा पहिला सुपरवायझर अमेरिकन होता. चहाच्या सुट्टीत तो टेपवर हीच गाणी लावायचा. दादा इंग्रजी शिकला ते त्या टेपवरून, त्यामुळे कामगारांचा पगार लांबला की ऑफिसात जाऊन तो गुराख्यांच्या इंग्रजीत भांडायचा. त्यातलं एक संथ गाणं त्याचं खास. लांबच्या रस्त्यावर ट्रक चालवणारा मुलगा आणि घरी जागी असलेली आई. डाळीला फोडणी देताना तो ते गुणगुणायचा, सुरात मात्र कधीच नाही. आमची आई गेली तेव्हा दादाला वेळेत विमान मिळालं नव्हतं. त्यानंतर हे गाणं त्याने वर्षभर लावलं नाही.

"एकदा समोर ऐकायचंय रे, पम्या. कान आहेत तोवर," असं तो म्हणाला होता. एवढ्यासाठीच हा सगळा प्रवास होता.

माझं अल ऐनला डब्यांचं आणि केटरिंगचं काम. शनिवारचे डबे पोचवले आणि निघालो. अल ऐनहून दुबई सरळ आहे, पण मला आधी मुसफ्फाला जाऊन दादाला उचलायचं होतं, म्हणजे भलामोठा वळसा. प्रत्येक टप्प्याला दीडेक तास धरा. रस्ता तुकतुकीत, दोन्ही बाजूंना वाळू, आणि कॅमेरे इतके की ठरलेल्या वेगाच्या वर जायची हिंमत होत नाही. दुबईच्या टोलसाठी सालिकच्या खात्यात पैसे आहेत का, हे निघतानाच बघा. तिकीट माणशी अडीचशे दिरहॅम, म्हणजे सहाएक हजार रुपये. हे कळल्यावर दादा म्हणाला, "एवढ्यात गोठ्यावर पत्रा पडला असता." पण म्हणताना त्याने नवा शर्ट घातलेला होता.

एक सूचना. खायचं काही नेऊ नका. माझी थालीपीठं गेटवरच अडली.

"भाईसाब, अंदर खाना अलाउड नहीं है," सिक्युरिटीवाला म्हणाला.

दादाने डबा बघून काय ते ओळखलं. "तो इधर ही खलास करते हैं," म्हणत त्याने तिथेच बाजूला उभं राहून खायला सुरुवात केली. अर्धं थालीपीठ त्या सिक्युरिटीवाल्यालाही दिलं.

सूर्य मावळता मावळता कार्यक्रम सुरू झाला. मोकळं मैदान, पुढे उभे राहणारे, मागे आमच्यासारखे खुर्चीवाले. ड्रम आणि बेस असे काही वाजायला लागले की माझ्या पोटातलं थालीपीठ हललं. दादाने छातीवर पंजा ठेवला आणि हसला. "येतंय! इथनं येतंय!"

आजूबाजूला सगळे एकमेकांच्या कानात ओरडत होते. दादा मात्र निवांत. वर्कशॉपमध्ये जन्मभर हातांच्या खुणांनीच बोलणं झालेलं. त्याने लांबूनच खुणेने पाणी मागवलं, क्रेनला मागे घेतात तसं मला खुर्चीसकट मागे घेतलं. त्या तासाभरात बहिरा मी होतो. सेफ्टी शूज घालून तो ठेका धरत होता आणि मला वाटत होतं, पैसे वसूल झाले, देवा.

मग दिवे उतरले. बाकीचे वादक बाजूला झाले. गायक स्टुलावर बसला, टोपी डोळ्यांवर, मान खाली. मोठ्या पडद्यावर नुसता एक लांबलचक रस्ता दिसत होता. गिटारच्या दोन तारा वाजल्या आणि मी ओळखलं. तेच गाणं. दादासाठी म्हणून मी घाईघाईने फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. मैदान चिडीचूप. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसायला लागली.

मी दादाकडे बघितलं. तो स्टेजकडे बघत वाट पाहत होता. मग माझ्याकडे वळून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "थांबले का रे?"

पुढची आठ-नऊ वर्षांची मुलगी वळली. "अंकल, प्लीज, ही इज सिंगिंग!" तेही त्याला ऐकू गेलं नाही. तिच्याकडे बघून तो छान हसला.

मला सांगता आलं असतं. शब्द पाठ आहेत त्याला, ओठ हलवले असते तरी समजला असता. पण मग त्याला हेही समजलं असतं की ते गाणं त्याच्यासमोर चाललंय आणि त्याच्यापर्यंत काहीच येत नाही. माझा धीरच झाला नाही. मी मान हलवली. हो, थांबले.

तो पाणी प्यायला. टाळ्या पडल्या तेव्हा त्याने भुवया उंचावल्या. मी ओठ हलवून म्हटलं, "ब्रेक संपला." मग ड्रम पुन्हा सुरू झाला आणि दादाही पुन्हा सुरू झाला.

मुक्काम इंटरनॅशनल सिटीत एका मित्राच्या शेअरिंगच्या फ्लॅटवर केला. स्वस्तात राहायचं तर तोच भाग बघा. सकाळी कडक करक चहा आणि पराठा खाऊन परत मुसफ्फाकडे निघालो. बराच वेळ दादा खिडकीबाहेर बघत होता.

"तेवढं एक गाणं नाही म्हटलं त्यांनी," तो म्हणाला.

"नाही," मी मान हलवली.

"असू दे. सगळंच कुठं मिळतंय." आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून, "पण झकास झालं हां, पम्या. नाहीतर तसाच गेलो असतो."

पुढचे पाच किलोमीटर मला रस्ता नीट दिसत नव्हता.

दादा आता इस्लामपूरला आहे. वहिनी सांगते, गावात भेटेल त्याला तो कॉन्सर्टचं वर्णन ऐकवतो. जाणं सार्थकी लागलं का, असं विचाराल तर मी हो म्हणेन. जरूर जा, आणि ज्याला न्यायचंय त्याला आजच न्या.

गेल्या आठवड्यात त्याला मशीन बसलं. व्हिडिओ कॉलवर आधी वहिनीचा, मग त्याचा चेहरा आला. "बोल, ऐकतोय! घड्याळाची टिकटिकसुद्धा येते! त्या दिवशी तू काय रेकॉर्ड केलं होतंस, ते पाठव की."

ड्रमवाली दोन गाणी शूट केली होती, ती पाठवली. तिसरं माझ्याकडेच आहे. रात्रीचा स्वयंपाक उरकला की मी ते लावतो. गायकाचा आवाज अगदी बारीक आलाय, गिटार त्याहून बारीक. त्या सगळ्याच्या वर, स्वच्छ, एकच आवाज येतो.

"थांबले का रे?"