बेडरूमचं दार

आखाती युद्ध पेटलं आणि सौदीतल्या अल-खोबरमधल्या आमच्या इंडियन स्कूलला टाळं लागलं. दहावीची परीक्षा कोणासाठी थांबते? मी पाच पोरांना शिकवायला घरी बोलावलं. अभ्यासाला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यावरची कथा होती. नुसतं वाचून डोक्यात शिरेना, म्हणून मी एका सिनेमाची कॅसेट पैदा केली. खानावळीत मज्जाव असलेली काळी माणसं तिथेच ठाण मांडून बसतात, अशी गोष्ट. रोज संध्याकाळी थोडी थोडी दाखवायचे.

पोरांना व्हॅनमधून आणणारा ड्रायव्हर रत्नागिरीकडचा मुसलमान. तोही हॉलच्या दाराशी उभा राहून बघायचा. "बसा हो," म्हटलं तरी बसायचा नाही. मला रागच यायचा. एवढं घसा फोडून शिकवतेय आणि ह्या बाबाला बसायचंही कळत नाही!

तिसऱ्या दिवशी ऐन सिनेमात सायरन वाजला. क्षेपणास्त्रांतून विषारी गॅस येईल ह्या भीतीनं आमच्या ह्यांनी बेडरूमच्या खिडक्या प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केल्या होत्या. पोरं आत पळाली. ड्रायव्हरही मागोमाग आला, तसे हे दारात आडवे आले.

"भाऊ, तुम्ही हॉलमध्येच थांबा. बेडरूम आहे आमची."

"बरं साहेब," तो म्हणाला आणि मागे सरला.

दार लागलं. खालच्या फटीत ओला टॉवेल मी कोंबला, माझ्या ह्या हातांनी.

"मिस, अंकल बाहेर आहेत," एक मुलगी म्हणाली.

"गप बस," मी खेकसले.

धोका टळल्यावर दार उघडलं. नाकाला रुमाल बांधून तो सोफ्यावर बसला होता. टीव्ही चालूच होता.

"पिक्चर खलास, मॅडम. मी बघितला सगळा."

"भला माणूस आहे, त्याला काही वाटलं नाही," हे रात्री जेवताना म्हणाले. वाटलं नाही म्हणे! मला ताट भिरकावावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पोरांना मी आधीच प्रश्न दिला होता : त्या खानावळीत तुम्ही असता तर काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी चौघांनी पानंच्या पानं लिहून आणली. आम्ही उठलो असतो, भांडलो असतो, त्यांच्या शेजारी बसलो असतो. त्या मुलीनं इंग्रजीत दोनच वाक्यं लिहिली होती. मी मिसच्या बेडरूममध्ये होते. मी काहीच केलं नाही.

चौघांच्या वहीत मी 'शाब्बास' लिहिलं. तिला शून्य दिलं.