अर्धी जाळी

आमचे बाबा बत्तीस वर्षं नगरपालिकेच्या उद्यान खात्यात माळी होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. मला त्याचा अभिमान वगैरे कधी वाटला नाही, डोक्याला ताप तेवढा झाला. रस्त्यात एखादं झाड कललेलं दिसलं की आम्हा सगळ्यांना उन्हात उभं करून ते त्याच्या खोडावरचा नंबर वहीत टिपून घ्यायचे.

त्यांचं लाडकं झाड दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर आहे. रोप असताना गुरांनी खाऊ नये म्हणून त्याला लोखंडी जाळी बसवली होती. रोपाचं झाड झालं, पण जाळी तिथंच. पट्ट्या सालीत रुतल्या, एका बाजूच्या फांद्या वाळायला लागल्या.

"फार तर अजून दोन वर्षं काढेल," बाबा म्हणाले.

"मग कापून टाका की जाळी!"

"अगं, झाड आमच्या खात्याचं. जाळी भांडाराची."

हसू नका, खरंच तसं आहे. बाबांनी भांडारात अर्ज दिला. मग दुसरा, मग तिसरा. भांडारपाल दर वेळी "बघतो" म्हणायचा. दीड वर्ष तो बघतच होता. बाबांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना उत्तर आलं. जाळी शाबूत जमा करावी. झाडाची अडचण होत असल्यास झाड तोडावे.

"यांची डोकी ठिकाणावर आहेत का?" आई म्हणाली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खात्याचा गणवेश घालून, ते लोखंड कापायची करवत घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. भांडण झालंच तर माझं तोंड तरी कामाला येईल! बाबांनी बाहेरच्या पट्ट्या एकेक करून कापल्या. खोडात शिरलेल्यांना मात्र हात लावला नाही.

"ओढल्या तर साल निघेल. राहू देत आत."

तुकडे पोत्यात भरून आम्ही थेट भांडारात गेलो. भांडारपालाने ते जमिनीवर मांडून पाहिले.

"ही तर अर्धीच आहे. उरलेली?"

"झाडात."

"अहो, पण मी लिहू काय? अर्धीचा रकानाच नाही."

माझा तोल गेला. "काका, झाड वाचलं, त्याचा रकाना आहे का?"

"तो तर नाहीच गं," तो खरोखरच ओशाळून म्हणाला.

याला आठ महिने झाले. भांडाराची सही नाही म्हणून बाबांचे निवृत्तीचे कागद अडकलेत. बाबा दर आठवड्याला खेटा घालतात आणि येताना थांब्यावर उतरतात. मागच्या आठवड्यात मीही सोबत होते. वाळक्या बाजूला चांगली वीतभर पालवी फुटली होती. मला भरून आलं, आणि मग बाबांनी सांगितलं की भांडाराचा तो आदेश निघाला त्याच दिवशी उद्यान खात्याच्या वहीत या नंबरापुढे "तोडले" अशी नोंद झाली आहे.

मी भडकले. "मग जाऊन ती खोडायला लावा ना! बत्तीस वर्षं काय केलंत तिथं?"

"हळू बोल," बाबा म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि खोडावरचा नंबर थुंकी लावून घासायला लागले. "वहीत नसलेलं झाड तोडायला कोण येणार आहे?"

मीही माझा रुमाल काढला. सही अजून झालेली नाही.