वीतभर उंबर

कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाला मी मराठी शिकवायला जात असे. त्याच्या व्हरांड्यात वीतभर उंचीचं एक जपानी झाड होतं, तार गुंडाळून वाकवलेलं आणि वयानं म्हणे माझ्याहून मोठं. असलं झाड आपणही करायचं, असं मी ठरवून टाकलं.

रोपं विकणाऱ्या माळ्यानं डाळिंब दाखवलं, लिंबू दाखवलं. मला मात्र कुणाकडेच नसलेलं झाड हवं होतं. कोपऱ्यातल्या डब्यात बुंध्याशी जाड, वाकडा असा एक उंबर दिसला.

"मास्तर, ह्यो नको. उंबर हाय," माळी म्हणाला.

"म्हणून तर पाहिजे!" मी ऐटीत म्हणालो.

घरी अंगणात कुंडी मांडून कात्री उचलली, तोवर थोरली आक्का धावत आली. "उंबराला कात्री लावतोस? दत्तम्हाराज हाईत रं तितं!" तिनं कात्री काढून घेतली आणि झाडाला हळदकुंकू लावलं.

दोन पावसाळ्यांत मुळांनी कुंडी फोडली. आता उंबर कौलांच्या वर गेलाय आणि त्या कात्रीनं आक्का निरांजनाच्या वाती कापते. दर गुरुवारी मी झाडापुढं हात जोडतो, तेव्हा ती मागून म्हणते, "वाक की रं नीट!"

तार न गुंडाळताच मी वाकतो.